कंट्रोलर बदलण्यापूर्वी: घरगुती सौर यंत्रणेतील चार्जिंगचे बिघाड कसे शोधावेत

मुंबईत वीज फारशी जात नाही. त्यामुळे इथे पॅनल आणि बॅटरी असलेली छोटी सौर यंत्रणा साधारण तीन प्रकारांनी बसवलेली दिसते. काही सोसायट्यांच्या गच्चीवर एक-दोन पॅनल लावून जिन्यातले दिवे आणि सीसीटीव्ही चालवतात, काही घरांत गॅलरीच्या ग्रिलला पॅनल टांगलेले असते, आणि बऱ्याच ठिकाणी आधीपासून असलेल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीला मागाहून पॅनल व चार्ज कंट्रोलर, म्हणजे पॅनलकडून बॅटरीला मिळणारे चार्जिंग नियंत्रित करणारी पेटी, जोडलेले असतात. १२ ऑक्टोबर २०२० रोजी ग्रिडमधील बिघाडामुळे मुंबई आणि उपनगरांची वीज एकदम गेली होती. बॅटरी महिनोन्महिने नीट भरतच नव्हती, हे अशाच दिवशी लक्षात येते, आणि मग सगळे खापर कंट्रोलरच्या डोक्यावर फुटते, कारण संपूर्ण यंत्रणेत दिवे लुकलुकणारी आणि आकडे दाखवणारी तेवढी एकच वस्तू असते.

प्रत्यक्षात कंट्रोलर स्वतः बिघडलेला असण्याची शक्यता सर्वांत शेवटी विचारात घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पॅनल, वायर, जोड, बॅटरी आणि सेटिंग यांपैकी कुठे तरी पाणी मुरत असते आणि कंट्रोलर फक्त त्याची वर्दी देत असतो. ती वर्दी न वाचता कंट्रोलर बदलणे म्हणजे ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर बदलण्यासारखे आहे. पुढील मार्गदर्शन १२ व्होल्टच्या यंत्रणेला धरून लिहिले आहे. २४ व्होल्टच्या यंत्रणेत बॅटरीच्या व्होल्टेजचे आकडे दुप्पट समजावेत. 'पीएम सूर्यघर' योजनेतून छतावर बसवतात त्या ग्रिडला जोडलेल्या साध्या यंत्रणेत बॅटरीही नसते आणि चार्ज कंट्रोलरही नसतो, त्यामुळे तिच्या तक्रारी वेगळ्या असतात आणि त्या येथे घेतलेल्या नाहीत.

हात लावण्यापूर्वी

साहित्य थोडेच लागते: डीसी व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर, डीसी प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर, इन्सुलेटेड स्क्रू ड्रायव्हर आणि पाना. क्लॅम्प मीटर घेताना तो डीसी मोजतो याची खात्री करावी, कारण लॅमिंग्टन रोडवर स्वस्तात मिळणारे बरेचसे क्लॅम्प मीटर फक्त एसी प्रवाह मोजतात आणि बॅटरीच्या वायरला लावल्यास बिनदिक्कत शून्य दाखवतात. वायरमनच्या खिशातला निऑन दिव्याचा टेस्टर इथे पूर्णपणे निरुपयोगी आहे. तो पेटला नाही याचा अर्थ वायर मृत आहे असा होत नाही. इतक्या कमी डीसी व्होल्टेजवर तो पेटतच नाही.

बारा व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून बॅटरीला निरुपद्रवी समजू नये. १५० अँपिअर-अवर क्षमतेच्या बॅटरीच्या दोन टोकांवर पाना आडवा पडला तर शेकडो अँपिअरचा प्रवाह वाहतो आणि पाना लालबुंद होतो, म्हणून काम करताना अंगठी, कडे, गळ्यातली साखळी काढून ठेवावी. मल्टिमीटरची लाल पिन अँपिअरच्या खोबणीत असताना त्याची टोके चुकूनही बॅटरीला लावू नयेत. पाण्याच्या बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निघतो. जागेच्या टंचाईमुळे बॅटरी देवघराच्या खालच्या कप्प्यात ठेवलेली मी पाहिली आहे, आणि वर समई तेवत होती! अशी बॅटरी आधी तिथून हलवावी, बाकीची तपासणी नंतर करावी.

जोडण्याचा आणि सोडवण्याचा क्रम कटाक्षाने पाळावा. सोडवताना प्रथम पॅनल, मग लोड (म्हणजे चालवायचे दिवे-पंखे) आणि शेवटी बॅटरी. जोडताना प्रथम बॅटरी, मग पॅनल आणि शेवटी लोड. बहुतेक कंट्रोलर बॅटरीचे व्होल्टेज पाहूनच यंत्रणा १२ ची आहे की २४ ची हे ठरवतात. बॅटरी नसताना पॅनल जोडले तर काही स्वस्त कंट्रोलरांत पॅनलचे २० व्होल्ट थेट लोडवर जातात आणि एलईडी दिवे जळतात. पॅनलचे एमसी-४ कनेक्टर भर उन्हात प्रवाह चालू असताना ओढून काढू नयेत. डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही, त्यामुळे कनेक्टर वितळतो. पॅनलच्या वायरवर डीसी एमसीबी असेल तर तो आधी पाडावा. नसेल, तर पॅनलवर जाड चादर टाकून मगच कनेक्टर सोडवावा. घरातल्या बोर्डाचा साधा एसी एमसीबी या कामी चालत नाही. कित्येक डीसी एमसीबींवर अधिक-उणे चिन्हे असतात, ती उलटी लागल्यास प्रवाह तोडण्याच्या वेळीच तो दगा देतो.

तीन ठिकाणची मापे

ढग नसलेल्या दिवशी, सकाळी अकरा ते दुपारी दोनच्या दरम्यान, बॅटरी पूर्ण भरलेली नसताना आणि इन्व्हर्टरचे मेन चार्जिंग बंद करून तीन ठिकाणचे व्होल्टेज मोजावे: बॅटरीच्या प्रत्यक्ष शिशाच्या टोकांवर, कंट्रोलरच्या बॅटरी टर्मिनलवर आणि कंट्रोलरच्या पॅनल टर्मिनलवर. सोबत बॅटरीच्या वायरवर क्लॅम्प लावून प्रवाह पाहावा. कंट्रोलरच्या पडद्यावर दिसणाऱ्या आकड्यावर विसंबू नये, कारण तो फक्त स्वतःच्या टर्मिनलवरचे व्होल्टेज सांगतो; बॅटरीच्या टोकावर काय आहे हे त्याला माहीत नसते.

आता अर्थ लावावा. पीडब्ल्यूएम जातीचा कंट्रोलर चार्जिंग करताना पॅनलला जवळजवळ सरळ बॅटरीशी जोडून देतो, म्हणून बॅटरीवर १३ व्होल्ट असतील तर पॅनल टर्मिनलवरही १३ च्या थोडेसेच वर दिसायला हवेत. नवख्या माणसाला हे पाहून पॅनल खराब झाले असे वाटते, कारण मागच्या लेबलवर १८ लिहिलेले असते. पण हेच निरोगी लक्षण आहे. उलट बॅटरी १२.३ वर आणि पॅनल टर्मिनलवर २० किंवा २१ व्होल्ट दिसत असतील, तर पॅनलवर बोजा पडतच नाही, म्हणजे कंट्रोलरने दार बंद ठेवले आहे. एमपीपीटी या दुसऱ्या जातीच्या कंट्रोलरचे तसे नसते. तो पॅनलला त्याच्या सर्वाधिक शक्तीच्या व्होल्टेजवर धरून ठेवतो, म्हणून ३६ सेलच्या पॅनलवर उन्हात साधारण १५ ते १८, तर ६० सेलच्या पॅनलवर २६ ते ३१ व्होल्ट दिसतात.

पॅनल टर्मिनलवर काहीच नसेल तर दोष कंट्रोलरच्या अलीकडे, म्हणजे वायर, फ्यूज, पडलेला एमसीबी किंवा कनेक्टर यांत आहे. पॅनल सुटे करून मोजल्यावर ३६ सेलचे पॅनल २० ते २२ व्होल्ट दाखवते. त्याऐवजी १० च्या आसपास आकडा आला, तर मागच्या जंक्शन बॉक्समधला एक बायपास डायोड (सावलीतल्या सेलच्या गटाला वगळून प्रवाहाला वाट देणारा भाग) शॉर्ट झाला असण्याची दाट शक्यता असते. असे डायोड अनेकदा वीज जवळपास कडाडल्यानंतर गेलेले आढळतात, आणि जंक्शन बॉक्स उघडता येत असेल तर बदलताही येतात. पॅनलचा शॉर्ट सर्किट प्रवाह, म्हणजे त्याची दोन टोके थेट जोडल्यावर वाहणारा प्रवाह, मोजण्याची पद्धतही जुनी आणि योग्य आहे, मात्र साध्या मल्टिमीटरची मर्यादा १० अँपिअर असते आणि हल्लीची मोठी पॅनले त्याहून अधिक प्रवाह देतात. म्हणून लेबल वाचून मगच ही चाचणी करावी, किंवा क्लॅम्पच वापरावा.

कंट्रोलरने दार बंद ठेवले आहे असे आढळले तरी तो बिघडलाच आहे असे नव्हे. दार बंद ठेवण्याची त्याची काही रास्त कारणे असतात, आणि मुंबईत त्यांतले एक फार वेळा आढळते.

इन्व्हर्टर घरी असताना

ज्या घरांत जुन्या इन्व्हर्टरच्या बॅटरीला पॅनल जोडले आहे, तिथे इन्व्हर्टर मेनच्या विजेवर तीच बॅटरी दिवसरात्र १३.६ ते १३.८ व्होल्टवर भरलेली ठेवतो. वीज जात नाही, त्यामुळे बॅटरी कधी रिकामी होतच नाही. सकाळी ऊन आले की कंट्रोलर पाहतो, बॅटरी आधीच काठोकाठ भरलेली आहे. तो थोडा वेळ व्होल्टेज वर नेतो, मग प्रवाह अर्ध्या-एक अँपिअरवर आणतो आणि दिवसभर स्वस्थ बसतो. घरमालकाला मात्र ३०० वॅटच्या पॅनलमधून दहा वॅटही येत नाहीत आणि वीजबिलही तसूभर कमी होत नाही, एवढेच दिसते. कंट्रोलर बदलला, पॅनल बदलले, तरी फरक पडत नाही, कारण बिघाड कुठेच नसतो.

हे ओळखण्याची कृती सोपी आहे. दुपारी इन्व्हर्टरचा मेनचा प्लग काढावा आणि त्यावर दोन पंखे व एक टीव्ही चालवावा. पाच-दहा मिनिटांत कंट्रोलरचा प्रवाह वाढू लागला तर यंत्रणा ठणठणीत आहे. मग प्रश्न फक्त दिवसा मेनचे चार्जिंग रोखण्याचा उरतो. सोलर इन्व्हर्टरमध्ये सौर ऊर्जेला प्राधान्य देण्याचे सेटिंग असते, ते निवडावे. साध्या इन्व्हर्टरसाठी मेनच्या प्लगला टायमर लावून सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच पुरवठा बंद ठेवता येतो, परंतु तेवढ्या वेळात सगळा भार बॅटरी आणि पॅनलवर येतो हे लक्षात घेऊन कोणकोणती उपकरणे त्यावर ठेवायची ते ठरवावे. रोज अशी उतरवून पुन्हा भरण्यासाठी ट्यूब्युलर बॅटरी बरी. पातळ प्लेटची साधी बॅटरी अशा वापराने लवकर दम तोडते.

गॅलरीतले पॅनल आणि वैशाखातले ऊन

दुसरी खास इथली तक्रार अशी की डिसेंबरात उत्तम चार्ज होणारी बॅटरी मे महिन्यात, डांबर वितळेल अशा उन्हातही भरत नाही. मुंबई सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरअखेर माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो, त्यामुळे दक्षिणेकडच्या गॅलरीच्या ग्रिलला उभ्या टांगलेल्या पॅनलवर ऊन चांगले पडते. एप्रिलअखेर तो जवळजवळ डोक्यावर येतो, आणि मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत माध्यान्ही तो डोक्यावरून उत्तरेकडे सरकलेला असतो. मग उभ्या पॅनलला ऊन नुसते घासून जाते, वरच्या मजल्याच्या स्लॅबची सावली पडते, आणि पुढे तर थेट ऊनच मिळत नाही. अशा पॅनलचे सुटे व्होल्टेज मोजले तर नुसत्या उजेडावरही १९-२० दिसते. म्हणून पॅनल ठीक आहे असा निष्कर्ष निघतो आणि संशय पुन्हा कंट्रोलरवर जातो. इथे व्होल्ट मोजून उपयोग नाही, प्रवाह मोजावा.

सावलीचाही हाच घोळ आहे. ३६ सेलच्या पॅनलमध्ये बहुधा दोन बायपास डायोड असतात, म्हणजे सेलचे दोन गट. पाण्याच्या टाकीची, डिश अँटेनाची किंवा वाळत घातलेल्या साडीची सावली एका गटातल्या दोन-तीन सेलवर जरी पडली, तरी तो अख्खा गट वगळला जातो आणि उरलेला गट जेमतेम नऊ व्होल्ट देतो. नऊ व्होल्टने बारा व्होल्टची बॅटरी भरणे शक्य नाही, त्यामुळे पॅनलचा फक्त दहावा हिस्सा झाकला असतानाही पीडब्ल्यूएम कंट्रोलरवरचा प्रवाह जवळजवळ शून्यावर येऊ शकतो. कबुतरांची विष्ठाही काही दिवसांत थर धरून हेच करते. ती कोरडी खरवडू नये, काचेवर ओरखडे पडतात. सकाळी पॅनल थंड असताना पाण्याने भिजवून मऊ कापडाने पुसावी.

वायर आणि जोड

माझ्या पाहण्यात सर्वाधिक बिघाड इथेच असतात, आणि डोळ्यांना ते दिसत नाहीत. एक उदाहरण घ्यावे. कंट्रोलर भिंतीवर आहे आणि बॅटरी तीन मीटर अंतरावर. जाण्या-येण्याची मिळून सहा मीटर वायर झाली. ती २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची असेल, तर तिचा रोध सुमारे ०.०४२ ओहम भरतो आणि १५ अँपिअर प्रवाहावर तिच्यात ०.६ व्होल्टपेक्षा जास्त घट होते. कंट्रोलरच्या टर्मिनलवर १४.४ व्होल्ट झाले की त्याला वाटते बॅटरी भरत आली, आणि तो हात आखडता घेतो. बॅटरीच्या टोकावर तेव्हा १३.८ च असतात. प्रवाह कमी होतो तशी ही तफावतही कमी होते, म्हणून बॅटरी अखेर भरते, परंतु त्याला फार वेळ लागतो, आणि उंच इमारतींच्या मधल्या गच्चीवर चांगले ऊन मुळात चार-पाच तासच मिळते.

ही घट मोजण्याची पद्धत अशी: चांगला प्रवाह चालू असताना मल्टिमीटरचे एक टोक कंट्रोलरच्या बॅटरीच्या अधिक टर्मिनलवर आणि दुसरे टोक बॅटरीच्या अधिक टोकावरच ठेवावे. वायर आणि जोड निर्दोष असतील तर मीटर ०.१ व्होल्टच्या आत दाखवतो. मग उणे बाजूला तेच करावे. एका बाजूची घट दुसरीपेक्षा खूप जास्त असेल तर त्या बाजूला ढिला स्क्रू, करपलेले फ्यूज होल्डर किंवा अर्धवट दाबलेले थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) आहे असे समजावे. टोक एकेक जोड पुढे सरकवत नेले की गुन्हेगार सापडतो. दोन्हीकडे सारखीच जास्त असेल तर वायरच बारीक आहे. ती ६ किंवा १० चौरस मिलिमीटरची करावी, अथवा कंट्रोलर बॅटरीच्या जवळ आणावा, तो अधिक स्वस्त उपाय आहे.

पॅनलकडच्या लांब वायरचाही हिशेब करावा. गच्चीवरून दोन मजले खाली येणारी पंधरा मीटरची ४ चौरस मिलिमीटर केबल ८ अँपिअरवर एक व्होल्ट खाते. ३६ सेलच्या पॅनलचे कार्यकारी व्होल्टेज लेबलवर १८ असले तरी ते २५ अंशांचे असते. तापलेल्या गच्चीवर सेल ६० अंशांपर्यंत जातात आणि हे व्होल्टेज साडेपंधरापर्यंत उतरते. त्यातून एक व्होल्ट गेला की १४.४ गाठण्यासाठी फारशी उसंत राहत नाही, आणि शेवटच्या टप्प्यात प्रवाह रोडावतो.

समुद्राची खारी हवा तांब्याला सोडत नाही. वर्सोवा, वरळी किंवा उत्तनसारख्या ठिकाणी दोन पावसाळ्यांत जोडांवर हिरवा थर चढतो आणि कधी तो इन्सुलेशनच्या आतही बोटभर शिरलेला असतो. अशी वायर चकचकीत तांबे लागेपर्यंत मागे कापून टिन चढवलेले थिंबल क्रिम्पिंगच्या पक्कडीने नीट दाबून बसवावे, आणि जोड घट्ट केल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावावी. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी-निळसर बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी. हे पाणी सेलच्या भोकांतून आत जाऊ देऊ नये.

बॅटरी उकळते, किंवा रोज उपाशी राहते

बॅटरीच्या टोकावर १५ व्होल्टच्या वर आकडा दिसत असेल, पाणी भराभर उतरत असेल आणि आम्लाचा उग्र वास येत असेल, तर पॅनल ताबडतोब बंद करावे. नंतर आधी इक्वलायझेशन चालू आहे का ते पाहावे. पाण्याच्या बॅटरीला काही दिवसांनी मुद्दाम १४.८ किंवा त्याहून थोडे जास्त व्होल्टेज देतात, ते नियमाला धरून असते. सीलबंद किंवा जेल बॅटरीला मात्र ते कधीही देऊ नये. दुसरे कारण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. अनेक स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलरांत अधिक बाजू आतून एकच असते आणि नियंत्रण उणे बाजूवर होते. कोणी पॅनलची उणे वायर आणि बॅटरीची उणे वायर बाहेर एकत्र बांधली, किंवा दोन्ही एकाच लोखंडी स्टँडला अर्थ केल्या, की कंट्रोलर वळसा घालून टाळला जातो आणि पॅनल थेट बॅटरीवर बसते. लोडच्या उणे वायरीही बॅटरीच्या उणे टोकाला बाहेरून जोडल्यास लोडचे नियंत्रण असेच निकामी होते.

या दोन्ही गोष्टी नसतील तर आतला मॉसफेट, म्हणजे प्रवाह चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, शॉर्ट झालेला असू शकतो. सर्व वायरी सोडवून, कंट्रोलर हातात घेऊन मीटरच्या बीप चाचणीत पॅनलचे उणे आणि बॅटरीचे उणे टर्मिनल, त्यानंतर अधिक आणि अधिक, असे तपासावे. एक जोडी एकमेकांशी जोडलेली असणे हे रचनेचाच भाग आहे. दोन्ही जोड्या बीप देत असतील तर कंट्रोलर गेला. रात्रीची आणखी एक चाचणी आहे: अंधारात पॅनलच्या वायरवर क्लॅम्प लावून पाहावा, बॅटरीतून पॅनलकडे प्रवाह उलटा वाहत असेल तर तीच शंका घ्यावी.

बॅटरी रोज थोडी उपाशी राहत असेल तर तापमानाकडे पाहावे. चांगले कंट्रोलर दर अंशामागे १२ व्होल्टच्या बॅटरीचे व्होल्टेज साधारण ०.०२ ते ०.०३ व्होल्टने खाली-वर करतात. सुटा सेन्सर नसेल तर ते स्वतःचेच तापमान बॅटरीचे मानतात. पत्र्याच्या पेटीत किंवा माळ्यावर कोंडलेला कंट्रोलर ४५ अंशांवर आणि फरशीवरची बॅटरी ३० अंशांवर, अशा वेळी चार्जिंग सुमारे ०.३५ व्होल्टने कमी पडते. तापलेला कंट्रोलर स्वतःला वाचवण्यासाठी प्रवाहही कमी करतो. त्याच्या वर-खाली एक वीत मोकळी जागा ठेवावी.

बॅटरीच थकलेली आहे का हे ठरवण्यासाठी ती भरल्यावर पॅनल आणि लोड काढून काही तास तशीच ठेवावी. १२.६-१२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. रात्रभरात ती काहीही न चालवता १२ च्या खाली आली, किंवा हायड्रोमीटरवर (आम्लाची घनता मोजण्याचे साधन) एका सेलची घनता इतरांपेक्षा ०.०५ ने कमी आली, तर तो सेल गेला आहे आणि कोणताही कंट्रोलर ती बॅटरी भरू शकणार नाही.

लोड बंद, पण चार्जिंग ठीक

ही तक्रार बहुतेक वेळा सेटिंगची असते. कंट्रोलर साधारण ११ व्होल्टच्या आसपास लोड तोडतो आणि बॅटरी १२.६ च्या आसपास आल्यावरच परत जोडतो, त्यामुळे सकाळी ऊन आले तरी दिवे लगेच लागत नाहीत. हा बिघाड नाही. रस्त्यावरच्या दिव्यांसाठीचे, म्हणजे अंधार पडल्यावरच लोड चालू करणारे सेटिंग चुकून बटण दाबले गेल्याने लागते आणि दिवसा पंखा चालत नाही. तिसरी गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते: इन्व्हर्टर कंट्रोलरच्या लोड टर्मिनलवर कधीही जोडू नये. तो चालू होतानाचा झटका लोडच्या मर्यादेपेक्षा कितीतरी मोठा असतो. त्याची जागा फ्यूजसह थेट बॅटरीवर.

लिथियम बॅटरी असेल तर

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीच्या आत स्वतःचे रक्षक सर्किट असते, ते बॅटरी फार उतरल्यावर टोकेच तोडते. मग मीटर जवळजवळ शून्य दाखवतो, कंट्रोलरला बॅटरी दिसत नाही आणि तो चार्जिंग सुरू करत नाही. अशा बॅटरीला तिच्यासाठीच्या चार्जरने थोडा वेळ जागे करावे लागते. कंट्रोलरवर बॅटरीचा प्रकार लिथियम निवडावा, इक्वलायझेशन आणि तापमानानुसार बदल बंद ठेवावेत, आणि उच्च मर्यादा बॅटरीच्या लेबलनुसार, सामान्यतः १४.२ ते १४.६ व्होल्ट, ठेवावी. असे सेटिंग नसलेला जुना कंट्रोलर लिथियमवर लावून पाहण्याचा प्रयोग करू नये.

खरोखरच बदलायचा असेल तेव्हा

पावसाळ्यानंतर कंट्रोलर उघडल्यास आत मुंग्यांचे वारूळ, पालीची अंडी किंवा सर्किटवर हिरवट डाग सापडणे नवलाचे नाही, आणि अशा वेळी दुरुस्तीपेक्षा नवा घेणे परवडते. नवा घेताना पॅनलचे सेल आधी मोजावेत. ६० किंवा ७२ सेलचे पॅनल १२ व्होल्टच्या बॅटरीवर पीडब्ल्यूएम कंट्रोलरने चालवले तर ३३० वॅटच्या पॅनलमधून सुमारे ९ अँपिअर, म्हणजे १३.५ व्होल्टवर १२० वॅटच पदरी पडतात. तिथे एमपीपीटी हवा, आणि तोही ३० अँपिअरचा. पीडब्ल्यूएमसाठी पॅनलच्या शॉर्ट सर्किट प्रवाहाच्या सव्वापट क्षमता पुरेशी असते. एमपीपीटीच्या पत्रकावर पॅनलच्या कमाल व्होल्टेजची मर्यादा दिलेली असते, आणि एकामागे एक जोडलेल्या पॅनलांच्या सुट्या व्होल्टेजची बेरीज तिच्यापेक्षा बरीच खाली राहिली पाहिजे, कारण ही मर्यादा एकदाच ओलांडली तरी कंट्रोलर निकामी होऊ शकतो.

नवा कंट्रोलर बॅटरीला जोडल्यावर, पॅनल जोडण्यापूर्वी, पडद्यावर त्याने १२ व्होल्ट ओळखले आहेत ना हे पाहावे. बॅटरीचा प्रकार आणि लोडचे सेटिंग कारखान्यातून आलेले तसेच न ठेवता बदलून घ्यावे आणि ते आकडे पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवावेत, म्हणजे पुढे कोणी बटणे दाबून ठेवली तरी मूळ सेटिंग परत लावता येते.